विमान अपघात : इशारा मिळतो, पण ऐकला जात नाही

व्यापार-उद्योगाच्या पानावर विमान अपघातांचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या विषयाचा आपल्याशी दुहेरी संबंध आहे. एक तर, रोजगारासाठी व व्यापारासाठी आखाती देशांत ये-जा करणारी माणसे आपल्यापैकी अनेक घरांत आहेत. दुसरे असे की, विमान हे शेवटी एक यंत्र आहे. ते माणसे चालवितात, माणसेच दुरुस्त करतात आणि त्यावर वेळेचा व पैशाचा दाब असतो. आपला लूम, आपली भट्टी, आपला बॉयलर किंवा आपला ट्रक यांची स्थितीही याहून निराळी नाही.

फरक एकाच गोष्टीचा आहे. कारखान्यात अपघात झाला की दोन दिवस हळहळ होते, एखाद्या कामगारावर ठपका ठेवला जातो आणि तिसऱ्या दिवशी काम पूर्ववत सुरू होते. विमान पडले की मात्र त्याचा तुकडा न् तुकडा गोळा केला जातो, वैमानिकांचे शेवटचे शब्द ऐकले जातात आणि कारणे शोधून ती लेखी मांडली जातात. ते अहवाल वाचले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते : बहुतेक अपघातांपूर्वी इशारा मिळालेला असतो. कधी तो यंत्राने दिलेला असतो, कधी शेजारी बसलेल्या माणसाने, तर कधी आधीच लिहून ठेवलेल्या नियमाने. तो ऐकला गेलेला नसतो. भारतातील काही अपघातांच्या आधारे हा धडा आपण समजून घेऊ.

१. एक यंत्र बिघडले, दोन ठीक होती

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान मुंबईहून दुबईकडे निघाले. हे भारताचे पहिले बोइंग ७४७. उड्डाणानंतर दोन मिनिटेही झाली नव्हती, तोच ते वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्वच्या सर्व २१३ माणसे मृत्युमुखी पडली.

विमान डावीकडे कलले आहे की उजवीकडे, हे दाखविणारे एक यंत्र वैमानिकासमोर असते. त्या रात्री कॅप्टनसमोरचे हे यंत्र अडकले. विमान सरळ झाले तरी ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. कॅप्टनने विमान सरळ करण्यासाठी ते डावीकडे वळविले, आणखी वळविले. बाहेर काळोख होता, खाली काळा समुद्र होता. कोठे क्षितिज दिसत नव्हते. अखेर विमान इतके डावीकडे कलंडले की ते सावरणे शक्य राहिले नाही.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तेच दाखविणारे दुसरे यंत्र सहवैमानिकासमोर होते आणि मध्यभागी तिसरे राखीव यंत्रही होते. फ्लाईट इंजिनिअरने शेवटच्या क्षणी कॅप्टनला त्याच्या यंत्रावर विसंबू नका असे सांगण्याचा प्रयत्नही केला. पण तोवर वेळ निघून गेली होती. बिघाड एका यंत्राचा होता. विनाश झाला तो दुसऱ्या यंत्राशी ताडून न पाहिल्यामुळे. ज्या व्यापाऱ्याच्या दुकानात एकच काटा आहे आणि तो कधीही दुसऱ्या काट्याशी ताडून पाहिला जात नाही, त्याने या घटनेवर क्षणभर विचार करावा.

२. यंत्र नवे, सवय जुनी

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगलोरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. विमानातील १४६ पैकी ९२ जण दगावले. विमान जुनाट नव्हते. ते ताफ्यात येऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि त्या काळातील अत्यंत आधुनिक, संगणकावर चालणारे असे ते विमान होते.

मग घडले काय? या विमानात उतरण्याच्या निरनिराळ्या पद्धती संगणकाला नेमून देता येतात. त्यांपैकी एका पद्धतीत इंजिने अगदी मंद राहतात. धावपट्टी जवळ आली असताना ही पद्धत चालू राहणे धोक्याचे असते. ती चालूच राहिली, विमानाचा वेग व उंची कमी होत गेली, आणि हे वैमानिकांच्या ध्यानात आले तेव्हा इंजिनांना पुन्हा जोर धरण्याइतका अवधी उरला नव्हता. विशेष म्हणजे त्या दिवशी दोन्ही जागांवर कॅप्टन दर्जाचे वैमानिक होते. एक जण दुसऱ्याची परीक्षा घेत होता. दोन जाणकार एकत्र असले की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष आहेच.

या अपघातानंतर सरकारने इंडियन एअरलाइन्सची सर्व ए-३२० विमाने काही महिने जमिनीवर उभी ठेवली. हीच विमाने पुढे वर्षानुवर्षे भारतात सुखरूप उडाली. अर्थात यंत्र वाईट नव्हते, ते समजून घेणे अपुरे होते. साध्या लूमवरून शटल नसलेल्या लूमवर, हाताच्या कामावरून संगणकाच्या मशीनवर जाणाऱ्या कारागिराला हे वेगळे सांगावयास नको. नव्या यंत्राची किंमत मोजताना शिकण्याची किंमतही त्यात धरावी लागते.

३. कापसाच्या गाठींचा ट्रक

महाराष्ट्रातील वाचकांना २६ एप्रिल १९९३ ची औरंगाबादची दुर्घटना आठवत असेल. शहराला आता छत्रपती संभाजीनगर हे नाव आहे. मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीवरून उठत असताना पलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रकवर आदळले. ट्रकमध्ये दाबलेल्या कापसाच्या गाठी होत्या. विमानाची डाव्या बाजूची चाके व इंजिनाचा खालचा भाग ट्रकला लागला. जायबंदी विमान तसेच पुढे गेले, सुमारे ३ किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना धडकले आणि कोसळले. ११८ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला.

चौकशीत दोन कारणे पुढे आली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास उशीर केला व ते उचलण्याची त्यांची पद्धतही चुकीची होती, हे पहिले. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहने रोखण्याची व्यवस्था विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती, हे दुसरे. यांपैकी एकच चूक झाली असती तर कदाचित सर्व जण वाचले असते. उशिरा उठलेले विमान मोकळ्या रस्त्यावरून निघून गेले असते. वेळेत उठलेले विमान ट्रकच्या वरून गेले असते. दोन ढिलाया एकाच क्षणी, एकाच जागी भेटल्या.

अपघाताचा अभ्यास करणारे हेच सांगतात. एकट्या चुकीने सहसा अपघात होत नाही; तिला दुसरी चूक साथ देते. म्हणूनच “आजपर्यंत काही झाले नाही” हा पुरावा नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की आपल्या ढिलाईला अजून जोडीदार भेटलेला नाही. ज्याच्या गाळ्यातील उघडी तार आणि शेजारच्या गाळ्यातील थिनरचे डबे अजून भेटलेले नाहीत, त्याने ती भेट होण्यापूर्वी सावध व्हावे.

४. हुकूम ऐकला एकाने, हात दुसऱ्याचे

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीजवळ आकाशात दोन विमानांची टक्कर झाली. दिल्लीहून निघालेल्या सौदी बोइंग ७४७ मध्ये ३१२ माणसे होती. त्यांत आखातात कामासाठी जाणारे भारतीय मोठ्या संख्येने होते. समोरून दिल्लीत उतरण्यास येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन-७६ मध्ये ३७ जण होते. ३४९ पैकी कोणीही वाचले नाही. दोन विमानांच्या हवेतील टकरींत जगात याहून अधिक बळी कधी गेलेले नाहीत.

दिल्लीच्या नियंत्रकाने सौदी विमानाला १४,००० फूट उंची दिली होती व कझाक विमानाला १५,००० फूट. समोरून विमान येत आहे हेही त्याने कझाक विमानाला कळविले होते. मग कझाक विमान १५,००० फुटांच्या खाली का आले?

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीतून याचा उलगडा झाला. त्या विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटरकडे होते, विमान चालवीत होते वैमानिक. वैमानिकांचे इंग्रजी कच्चे होते. ऑपरेटरसमोर स्वतंत्र उंचीदर्शक यंत्र नव्हते, त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून पाहावे लागे. हुकूम पोहोचला तो कानापर्यंत. ज्या हातांनी तो पाळावयाचा त्यांच्यापर्यंत तो नीट गेला नाही.

चूक कझाक वैमानिकांची होती, हे खरे. पण गोष्ट तेथे संपत नाही. दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांना तेव्हा एकच हवाई वाट होती, कारण आसपासचे पुष्कळसे आकाश हवाई दलाच्या वापरासाठी राखलेले होते. शिवाय नियंत्रकाच्या रडारवर विमानाचे ठिकाण दिसे, उंची दिसत नसे. उंचीसाठी त्याला वैमानिकाच्या शब्दावर अवलंबून राहावे लागे. म्हणजे समोरासमोरच्या दोन विमानांमध्ये उरले होते ते केवळ १,००० फुटांचे अंतर आणि एका माणसाचा शब्द.

अपघातानंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या, उंची दाखविणारी रडार यंत्रणा आली आणि समोरचे विमान जवळ येताच वैमानिकाला सावध करणारे यंत्र विमानांत बसविणे सक्तीचे झाले. दुःख याचे की, या गोष्टी जगात त्या आधीही उपलब्ध होत्या.

५. “आता उतरायचेच” हा हट्ट

भारतातील अनेक मोठे अपघात विमान उतरताना झाले आहेत. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी अहमदाबादला धुरकट हवेत धावपट्टी दिसत नसतानाही विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आणले गेले. १३३ जण दगावले. १७ जुलै २००० रोजी पाटण्याला विमान गरजेपेक्षा उंच राहिले, तेव्हा नियमानुसार वर निघून जाण्याऐवजी तेथल्या तेथे वळसा घेण्याचा प्रयत्न झाला. विमान वस्तीवर कोसळून जमिनीवरील ५ जणांसह ६० जण गेले.

वैमानिकांना शिकविला जाणारा नियम सोपा आहे. उतरताना वेग, उंची किंवा दिशा ठीक नसेल तर उतरू नये. विमान पुन्हा वर न्यावे, फेरी मारावी व नव्याने यावे. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. यात थोडे इंधन व दहा-पंधरा मिनिटे जातात, एवढेच.

२२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून मंगळूरला आलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानात हे दहा-पंधरा मिनिटांचे मोल दिले गेले नाही. मंगळूरची धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे, तिच्या टोकाला दरी आहे. प्रवासात कॅप्टन दीड तासाहून अधिक वेळ झोपला होता. घोरण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात आढळला. जाग आल्यावर विमान फार उंच आहे हे दिसत होते. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो-अराउंड’ असे सांगितले. विमानातील यंत्रही वारंवार इशारा देत होते. तरीही कॅप्टनने विमान उतरविले, तेही सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर ५,००० फुटांहून पुढे. उरलेल्या जागेत ते थांबू शकले नाही. १६६ पैकी १५८ जणांचा अंत झाला. ही बहुतेक माणसे आखातातून घरी परतणारी होती.

निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने हा सर्व घटनाक्रम मांडला. सहवैमानिकाने इशारा दिला, पण विमान स्वतःच्या हाती घेतले नाही. कनिष्ठाने असे केव्हा करावे याबद्दलच्या सूचनांतच संदिग्धता होती.

यानंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, तीच कंपनी, तशीच डोंगरमाथ्यावरची धावपट्टी आणि पुन्हा दुबईहून आलेले विमान. ठिकाण कोझिकोड. कोरोनामुळे अडकलेल्या लोकांना ते घरी आणीत होते. मुसळधार पाऊस होता, कॅप्टनच्या बाजूचा काच पुसणारा वायपर नीट चालत नव्हता आणि दुसऱ्या खेपेला विमान पाठीमागून वारा असलेल्या दिशेने उतरत होते. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटले. विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले व टोकापलीकडे घसरून तुटले. १९० पैकी दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. भर पावसात, साथीची भीती बाजूला ठेवून आसपासचे रहिवासी धावले व जखमींना मिळेल त्या वाहनातून रुग्णालयांत नेले, म्हणून ही संख्या आणखी वाढली नाही.

येथे चौकशीने केवळ कॅप्टनकडे बोट दाखविले नाही. या कॅप्टनला दुसऱ्या दिवशी कोझिकोडहूनच उड्डाण करावयाचे होते आणि त्या तळावर कॅप्टन अपुरे होते. विमान दुसऱ्या शहरात नेले असते तर पुढचे वेळापत्रक बिघडले असते. हा दाब कागदावर कोठे लिहिलेला नव्हता, पण तो कॉकपिटमध्ये हजर होता. ‘ऑर्डर आजच गेली पाहिजे’ असे मालक एकदा बोलून जातो. पुढे रात्रपाळीतील कारागीर धोका दिसूनही मशीन बंद करीत नाही. मालक त्या क्षणी घरी झोपलेला असतो, पण मशीनजवळ त्याचा शब्द उभा असतो.

६. दोषी शोधण्यापूर्वी कारण शोधा

भारत ज्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराचा सदस्य आहे, त्याच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, दोष अथवा जबाबदारी वाटणे हा नाही. जबाबदारीचा प्रश्न न्यायालये वेगळा पाहतात. मंगळूरच्या अहवालाने अशा चौकशीसाठी स्वतंत्र मंडळाची शिफारस केली होती. २०१२ साली विमान अपघात तपास विभाग स्थापन झाला. त्यापूर्वी नियम करणाऱ्या व परवाने देणाऱ्या खात्याकडेच पुष्कळशा अपघातांचा तपास असे.

या हेतूची कसोटी अलीकडेच लागली. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ उड्डाणानंतर सुमारे अर्ध्या मिनिटात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ व जमिनीवरील १९ असे २६० जण मृत्युमुखी पडले. जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालानुसार, दोन्ही इंजिनांचे इंधन बंद करणारे स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेले होते. ते का बंद केलेस, असे एका वैमानिकाने विचारले. मी केले नाही, असे दुसऱ्याने उत्तर दिले. स्विच कसे व कोणामुळे बंद झाले, हे त्या अहवालाने ठरविले नव्हते. तरी दोन दिवसांत कोणी मेलेल्या वैमानिकाला, तर कोणी कंपनीला गुन्हेगार ठरवून मोकळे झाले.

अशा घाईचा तोटा असा की, दोषी सापडला की शोध थांबतो. आणि ज्या ठिकाणी चूक कबूल करणाऱ्याला लगेच काढून टाकले जाते, तेथे पुढची चूक लपविली जाते.

आपल्या कारखान्यासाठी

वरील सर्व प्रकरणांतून जे हाती लागते, ते मोठ्या भांडवलाशिवाय करता येण्यासारखे आहे.

पहिले, तपासणीची यादी लिहून भिंतीवर लावावी. तीस वर्षे उड्डाण केलेला वैमानिकही प्रत्येक उड्डाणापूर्वी यादी वाचून तपासणी करतो, पाठ आहे म्हणून सोडून देत नाही. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, उघड्या पट्ट्यांवरची जाळी, ट्रकचे ब्रेक यांनाही हाच नियम लागू करावा.

दुसरे, फोनवर मिळालेली ऑर्डर किंवा सूचना ऐकणाऱ्याने परत बोलून दाखवावी, आणि जो प्रत्यक्ष काम करणार त्यालाही ती त्याला समजेल अशा भाषेत सांगून त्याच्या तोंडून वदवून घ्यावी. गाळ्यात मराठी, हिंदी, बंगाली बोलणारे एकत्र असतील तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

तिसरे, बिघाडाची एक वही ठेवावी. मशीनचा आवाज बदलला, तार गरम लागली, थोडक्यात बचावलो, हे सर्व तारखेसह त्यात लिहावे. लिहिणाऱ्याला बोल लावू नये.

चौथे, थकलेल्या माणसाला यंत्रावर बसवू नये. सलग दोन पाळ्या करणारा कारागीर जास्त कमावतो असे त्याला वाटते, पण झोपेतून नुकत्याच उठलेल्या अनुभवी कॅप्टनचा निर्णय कसा चुकला हे आपण पाहिले.

पाचवे व सर्वांत महत्त्वाचे, शागीर्दाला बोलू द्यावे. उस्तादासमोर तोंड उघडू नये, ही आपल्या कारखान्यांतील जुनी रीत आहे. अदब ही चांगली गोष्ट आहे, परंतु धोका दिसला असता गप्प राहणे ही अदब नव्हे. मालकाने सर्वांसमोर सांगून टाकावे की, “धोका दिसला तर सर्वांत लहान मुलानेही मशीन बंद करावे. नुकसान झाले तर ते माझे.” आणि एखाद्याने उगाच मशीन बंद केले, तरी त्या दिवशी त्याला रागावू नये. त्याच दिवशी बाकीचे सर्व जण मालकाच्या शब्दाची परीक्षा घेत असतात.

या आठवड्यात आपल्या गाळ्यात बसून तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. माझ्याकडे अशी कोणती ढिलाई आहे, जी केवळ आजवर काही झाले नाही म्हणून चालू आहे? मला शेवटचा इशारा कोणी दिला होता, आणि मी त्याला काय उत्तर दिले? माझ्या कोणत्या शब्दामुळे माझी माणसे धोका दिसूनही काम थांबवीत नाहीत?

मंगळूरच्या सहवैमानिकाने तीन वेळा सांगितले होते. आपल्या गाळ्यात कोणी एकदा सांगितले, तरी हातातले काम ठेवून उठावे व पाहून यावे.